‘शेळ्या पाळा, पण कापण्याच्या भानगडीत पडू नका’

या अर्थाचा मजकूर विदर्भातल्या शेळीपालकांच्या व्हॉट्सॲप गटांत फिरतोय. शेतकऱ्यांनी मिळून स्वतःचं मांस प्रक्रिया केंद्र काढू नये, कारण परवाने मिळत नाहीत, कोट्यवधी लागतात, इथे सहकार टिकत नाही आणि पॅकबंद मटण कोणी घेत नाही.

परवान्याचं म्हणाल तर अन्नसुरक्षेच्या 2011 च्या नियमांत दिवसाला 10 शेळ्या-मेंढ्या किंवा 50 कोंबड्यांपर्यंत नुसती नोंदणी लागते. पुढे 150 शेळ्यांपर्यंत राज्याचा परवाना. स्थानिक परवानगी आणि पशुवैद्यकाची तपासणी आलीच. खरा पेच रक्त-आतड्यांच्या विल्हेवाटीचा. ती सोय नसेल तर गाव आडवं येणार, आणि ते रास्तच.

सुरुवात 10 शेळ्यांनी केली तर कोट्यवधी कशाला लागतील? पुढे वाढवायचं झालं तर 2020 च्या पशुसंवर्धन पायाभूत सुविधा निधीत शेतकरी उत्पादक कंपनीलाही कर्जाच्या व्याजात 3 टक्के सवलतीची तरतूद केलेली आहे. मुद्दल मात्र फेडावंच लागतं, हे सभेत कोणी मोठ्याने सांगत नाही.

सहकाराचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बंद पडलेल्या सहकारी सूतगिरण्या सगळ्यांनी पाहिल्यात. पण इथे गाठ हेड्याशी, म्हणजे जनावरं विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याशी आहे. तो दारातून जनावर नेतो, नगद मोजतो, पोरीच्या लग्नाला उचलही देतो. संस्थेचे पैसे पंधरा दिवसांनी येणार असतील तर सभासद ठरावाला हात वर करेल आणि बोकड हेड्यालाच देईल. म्हणून वजनकाटा आणि त्याच दिवशी पैसे, हे शेड बांधण्याच्याही आधी हवं. बाजारात बोकड न तोलता, नगावर जातो. रुमालाखाली बोटं दाबली की सौदा झाला. 25 किलोच्या बोकडात अंदाज 2 किलोने हुकला तर 8 टक्के गेले, आणि तो तोटा हेड्याच्या अंगावर आलेला कधी पाहिलाय? त्याच बोकडाचं मटण साधारण 12 किलो निघतं. मुंडी, पाय, वजडी वेगळी. यातल्या कशाच्याच विक्रीतला नफा आज पाळणाऱ्याच्या हाती पडत नाही.

पॅकबंद मटणाबद्दल मजकूर बरोबर आहे. आपल्याकडे गिऱ्हाईकाला डोळ्यांदेखत तोडलेलं लागतं. मग पाकिटं भरा म्हणतंय कोण? तालुक्याला दुकान टाका, सावजी भोजनालयांशी रोजच्या मालाचं बोला. धुळवडीला रांग लागते, श्रावणात दुकान ओस पडतं. त्या महिन्याची मजुरी आणि वीजबिल कशातून भागवायचं, हे ठरेपर्यंत फ्रीझरची ऑर्डर देऊ नका.