लिंबूटिंबूची जागा

यंदा मे महिन्यात बर्लिनहून पुण्याला आईकडे गेले, तेव्हा सोसायटीतल्या पालकांत एकच वाद रंगला होता: चार वर्षांच्या बुजऱ्या मुलाला व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गाला घालावे, की शाळेत गेल्यावर तो आपसूक मिसळेल? माझी मुलगीही त्याच वयाची आणि त्याच स्वभावाची. शेजारच्या काकूंनी ‘अगदीच घुमी आहे हो’ असा निकाल पहिल्याच दिवशी देऊन टाकला.

बर्लिनच्या बालवाडीत एवढी घाई नव्हती. तिथल्या प्रचलित पद्धतीप्रमाणे पहिले तीन दिवस आई किंवा बाबा मुलासोबत वर्गातच बसतात, चौथ्या दिवशी थोडा वेळ बाहेर जाऊन पाहतात आणि मूल सावरले नाही, तर पुढचा प्रयत्न लांबवतात. आम्हाला पाच आठवडे लागले. नंतरही ही वाळूच्या खड्ड्याच्या कडेला झारी धरून नुसती उभी असे आणि एक मुलगी शेजारी खणत बसे. एके दिवशी त्या मुलीने न बोलता लाल फावडे पुढे केले आणि हिने तिच्या खड्ड्यात पाणी ओतले. मैत्री झाली.

अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञांनी १९५६ पासून न्यूयॉर्कमधल्या मुलांचा वर्षानुवर्षे अभ्यास करून जे स्वभावगट मांडले, त्यांत ‘हळूहळू रुळणाऱ्या’ मुलांचा वेगळा गट होता. आणि मुलाच्या स्वभावाशी भोवतालच्या माणसांच्या अपेक्षा कितपत जुळतात, यावर त्यांचा भर होता.

तरीही जर्मनीचे गोडवे गाण्याची माझी तयारी नाही. बालवाडीबाहेरची मैत्री तिथे आधी वेळ ठरवून होते, मंगळवारी तीन ते पाच. आणि जिला रुळायलाच दीड तास लागतो, तिच्या वाट्याला अर्धा तास उरतो.

पुण्यात तिसऱ्या संध्याकाळी ती फाटकाला धरून लपाछपी बघत होती. दहाएक वर्षांच्या एका ताईने ‘ही लिंबूटिंबू’ असे जाहीर केले आणि ही धावत सुटली. लिंबूटिंबूवर राज्य येत नाही, तो बाद होत नाही, पण खेळात असतो. बुजऱ्या मुलासाठी याहून सोयीची जागा मला बर्लिनमध्ये सापडलेली नाही.

वर्गाची बाजू घेणाऱ्यांकडे माझी तक्रार एवढीच, की तो वर्ग संध्याकाळी साडेपाचला असतो आणि नेमके तेव्हाच खाली लपाछपीला गडी कमी पडतात.