जेवणाच्या गाडीजवळचा सल्ला

दक्षिण फ्लोरिडात बांधकामाच्या जागी जेवणाची गाडी येते, त्याच वेळी हिस्पॅनिक (स्पॅनिश भाषिक देशांतून आलेल्या किंवा तिथले मूळ असलेल्या) कामगारांना धूम्रपान सोडण्याचा सल्ला आणि सिगारेटची तलफ कमी करण्यासाठी त्वचेवर लावायच्या निकोटिनच्या पट्ट्या देण्याच्या उपक्रमावरील हा लेख मला फार महत्त्वाचा वाटला. अमेरिकेतील बांधकाम कामगारांपैकी जवळपास एक तृतीयांश हिस्पॅनिक आहेत, त्यांतील अनेकांकडे आरोग्यविमा नाही आणि दिवसाची मजुरी बुडवून दवाखाना गाठणे त्यांना परवडत नाही; म्हणून मदतच त्यांच्याकडे जाणे मला योग्य वाटते. स्पॅनिश भाषेतील ‘देहेलो या’ ही धूम्रपान सोडण्यास मदत करणारी मोफत दूरध्वनी सेवा आहे, पण मचाणावर उभ्या माणसाने फोन करायचा तरी कधी?

लेखात वापराविषयीचे तपशील मात्र यायला हवे होते. फ्लोरिडाच्या उन्हात घामाने पट्टी सुटते, त्यामुळे ती कामापूर्वी कोरड्या, केस नसलेल्या त्वचेवर घट्ट दाबून लावावी आणि रोज जागा बदलावी, हे समजावून सांगणे आवश्यक आहे. निकोटिनचे च्युइंगम वापरणाऱ्याने ते सलग चघळू नये, थोडे चावून गालात धरावे. त्याआधी पंधरा मिनिटे कॉफी किंवा सोडा टाळावा, कारण आम्लयुक्त पेयांमुळे तोंडातून निकोटिन नीट शोषले जात नाही. जेवणाच्या गाडीवर नेमकी हीच पेये हातात असतात! ॲस्बेस्टॉस या जुन्या बांधकामांत आढळणाऱ्या तंतुमय खनिजाच्या संपर्कात आलेल्या कामगाराने धूम्रपान केल्यास फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी पटींनी वाढतो, हेही त्याला त्याच्याच भाषेत सांगितले जावे.