कागद ‘कुठलाही’ चालत नाही
‘जुन्या दारावर कुठलाही कागद ठेवा, पेन्सिल घासा, चित्र तयार’ या फ्रोताजवरच्या (खडबडीत पृष्ठभागाचा ठसा कागदावर घासून उमटवण्याच्या तंत्रावरच्या) लेखातल्या वाक्याने नवशिके फसणार. २०० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला २०० ग्रॅम, म्हणजे जाड) ड्रॉइंग पेपरवर लाकडाच्या रेषा उमटतच नाहीत, नुसता करडा डाग पडतो. ५०-६० जीएसएमचा पातळ कागद घ्या, वरची कड मास्किंग टेपने चिकटवा (कागद सरकला की रेषा दुहेरी!) आणि ६बी (मऊ, गडद) पेन्सिलीचं शिसं आडवं धरून हलक्या हाताने फिरवा. जोर दिला की कागद फाटतो. पिंपळपान घेतलंत तर शिरांची बाजू वर. घोटीव कडप्पा बाद; उन्हापावसाने झिजलेलं सागवान झकास.

बाकी जुन्या दाराचा मुद्दा पटला. जर्मन चित्रकार माक्स अर्न्स्टलाही १९२५ मध्ये हे तंत्र सुचलं ते घासून घासून चरे खोल झालेल्या फळ्यांच्या जमिनीवरूनच.