हिरवं म्हणजे नक्की किती हिरवं?

नवा मासा थेट मोठ्या टाकीत सोडायचा नाही, आधी विलगीकरण, एवढं शहाणपण मासे पाळणाऱ्यांना एव्हाना आलेलं असतं. त्याची शिक्षा पुढे सुरू होते. ४० लिटरची टाकी, वाळू नाही, एक स्पंज फिल्टर आणि पाण्यात मिथिलीन ब्लू, म्हणजे माशांचं निळं औषध. लिटरला २ मिलिग्रॅम धरलं तर १ टक्का द्रावणाचे ८ मिली. टाकीचं सिलिकॉन निळं, माझी बोटं निळी, घरच्यांचे डोळे लाल. इथवर ठीक.

मग अमोनियाची, म्हणजे माशांच्या घाणीतून पाण्यात साचणाऱ्या विषाची, टेस्ट. ५ मिली पाणी, दोन्ही बाटल्यांचे आठ-आठ थेंब, पाच मिनिटं थांबायचं. सॅलिसिलेट रसायनाच्या किटमध्ये अमोनिया नसेल तर पिवळं, असेल तर हिरवं. आता पिवळ्यात निळं मिसळलं की काय होतं, हे बालवाडीतल्या पोरालाही ठाऊक असतं. किटला नसतं. पीएच मोजणाऱ्या, ब्रोमोथायमॉल रसायनाच्या किटचं तर विचारूच नका. तिथे निळं म्हणजे ७.६, त्यामुळे निळ्या टाकीचा पीएच कायम रंगकार्डाच्या टोकाला.

फॉर्मॅलिन हे दुसरं औषध रंगहीन, म्हणून सज्जन वाटतं. ते अमोनियाशी गुपचूप सोयरीक करतं आणि नेसलरच्या, म्हणजे अमोनियाच्याच दुसऱ्या प्रकारच्या, किटलाही चकवतं. शिवाय दर ५ मिलिग्रॅमला पाण्यातला १ मिलिग्रॅम ऑक्सिजन गिळतं, तेव्हा एअरपंप जोरात हवा. खरं बोलतो तो टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा: लिटरला ३ ग्रॅम जाडं मीठ टाका, तो ३००० च्या आसपास दाखवतो. आरओवाल्याला मात्र दाखवू नका.

हिरवं दिसलं की माणूस घाबरून अमोनिया बांधणारं, पाण्यात घालायचं कंडिशनर ओततो. टाकीत तांब्याचं औषध असेल तर हे अजिबात नको. तांबं जास्त विषारी होतं. आणि 'औषधाचाच रंग' म्हणून निवांत बसावं, तर मिथिलीन ब्लू फिल्टरमधले अमोनिया खाणारे जिवाणूही मारतं. म्हणजे खोट्या हिरव्याखाली खरं हिरवं असू शकतं.

यावर मला पटलेला उपाय एकच: जोडीला दुसरी ट्यूब. क्लोरीन उडालेल्या १ लिटर साध्या पाण्यात तेच औषध ०.२ मिली, म्हणजे ४० युनिटवाल्या इन्सुलिन सिरिंजने ८ युनिट. टाकीतला रंग दिवसागणिक फिका पडतो, म्हणून थेंब टाकण्याआधी दोन्ही पाणी सारखंच निळं दिसेल असं हे पाणी पातळ करून घ्या. मग दोन्हींची टेस्ट एकदमच, पांढऱ्या कागदासमोर, दिवसाउजेडी. हिरवं सारखंच आलं तर औषधाचं. टाकीचं गडद आलं तर अमोनिया आहे. लगेच १२ लिटर पाणी बदला आणि औषधही त्या १२ लिटरपुरतंच घाला, २.४ मिली. पुन्हा ८ नाही.