‘दडपलेलं’ विमान आणि प्लायवुडचे भाव

आमच्या फॅमिली ग्रुपवर भाच्याने टाकलेला मेसेज थोडक्यात असा: एका फ्रेंच सुताराने १९३४ मध्ये घरच्या घरी विमान बनवलं, ते कुणालाही चालवता यायचं, कधीच पडत नसे, म्हणून बड्या कंपन्यांनी सरकारांना पैसे चारून त्यावर बंदी आणली आणि आराखडे गायब केले. खाली त्याच गायब आराखड्यांची लिंक! यावर हसून सोडून दिलं असतं, पण पोरगा प्लायवुडचे भाव विचारत फिरतोय.

हे विमान म्हणजे आंरी मिन्येचं एच.एम. १४, ‘पू-द्यू-सिएल’. इंग्रजांची ‘फ्लाइंग फ्ली’, म्हणजे उडती पिसू. मिन्ये सुतार नव्हता, रेडिओतला इंजिनिअर होता. आणि १४ हा आकडा उगाच नाही, त्याआधी त्याने बरेच डाव मांडून मोडले होते.

‘कुणालाही चालवता यायचं’ यात थोडं तथ्य आहे, तेवढं देऊन टाकतो. पंखांना एलेरॉन (विमान डावीउजवीकडे कलवणाऱ्या झडपा) नाहीत, पायाखाली पेडल नाहीत. एकच दांडी. मागेपुढे केली की पुढचा अख्खा पंख कलतो, डावीउजवीकडे केली की रडर, म्हणजे शेपटीचं सुकाणू, वळतं. मोटरसायकलच्या जातीचं छोटं इंजिन. नेहमीच्या विमानासारखं ते स्टॉल होऊन, म्हणजे पंखांची उचल सुटून, गिरक्या घेत कोसळत नसे. ऑगस्ट १९३५ मध्ये मिन्ये स्वतः त्यात बसून इंग्लिश खाडी ओलांडून गेला. ब्रिटनमध्ये मग घरोघरी करवती चालू झाल्या.

पण ‘कधीच पडत नसे’? अहो, १९३६ मध्ये माणसं मेली त्यात! आणि सगळी नवशिकी नव्हती, रॉयल एअर फोर्समधले अनुभवी वैमानिकही होते. शेवटी इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रात एक अख्खं विमान वाऱ्याच्या मोठ्या बोगद्यात (जिथे विमानावर जोराचा वारा सोडून पाहतात) टांगून तपासलं. फ्रान्समध्येही शाले-म्यूदोंला तसंच झालं. निष्कर्ष असा की नाक साधारण १५ अंशांपेक्षा जास्त खाली गेलं, की ते परत वर आणता येत नाही. कारण रचनेतच आहे. पुढचा पंख मागच्या पंखाच्या जवळ, किंचित वर. नाक उचलायला दांडी ओढली की पुढच्या पंखाची मागची कड खाली येते, दोन पंखांमधली फट अरुंद होते, तिथली हवा वेगाने धावते आणि मागच्या पंखाची उचल वाढते. शेपटी वर, नाक आणखी खाली. म्हणजे जीव वाचवायला वैमानिक जी गोष्ट करणार, तीच त्याला जमिनीत घालणार. अशा विमानाचे परवाने थांबवायला कुणी पैसे चारावे लागतात?

कंपन्यांच्या कटाचा पुरावा मेसेजमध्ये शून्य. मिन्येला कुणी गायबही केलं नाही. त्याने चूक सुधारून पुढची विमानं काढली, १९६५ मध्ये वारला. ब्रिटनमधल्या संग्रहालयांत फ्ली आजही उभ्या आहेत. त्याच्या सुधारित रचनेची वंशावळ फ्रान्समध्ये हौशी लोक अजून उडवतात.

त्यामुळे भाचेबुवा, लिंकमधले आराखडे १९३४ चे आहेत, म्हणजे दुरुस्तीच्या आधीचे. प्लायवुड आणच, तुझ्या आईला पुस्तकांचं कपाट हवंय.