दह्याच्या डब्यातील सर्पगंधा

आज सकाळी सव्वासात वाजता शेजारच्या अप्पांनी मला सर्पगंधेचे एक रोप भेट दिले. अर्धा किलो दह्याच्या प्लास्टिकच्या डब्यात ते लावलेले होते, डब्याच्या तळाला तापवलेल्या खिळ्याने भोके पाडलेली होती आणि तीन-तीन पानांचे दोन मजले चढवून ते अशा काही ऐटीत उभे होते की कोणालाही कौतुक वाटावे. मला ते वाटले नाही, कारण ते रोप माझ्याच झाडाच्या मुळाच्या तुकड्यापासून झालेले होते, तो तुकडा अप्पांनी माझ्याच अंगणात, मी आत चहा गाळत असताना काढून घेतला होता, आणि ज्या झाडाचा तो तुकडा होता ते झाड त्या क्षणी आम्हा दोघांच्या मध्ये, फाटकाजवळच्या कुंडीत, अर्धे वाळून उभे होते. "संकोच करू नका, वहिनी," अप्पा म्हणाले, "माझ्याकडे अजून एक आहे."

आमच्या यजमानांनी मागून येऊन "अरे वा!" म्हणत तो डबा दोन्ही हातांनी घेतला. यजमानांबद्दल मी या लेखात आणखी काही लिहिणार नाही.

सर्पगंधा मी तीन वर्षांपूर्वी लावली, तीही बियांपासून. वाटाण्याएवढे जांभळट काळे फळ आणि त्यात दगडासारखी टणक बी; ती पाण्यात टाकायची, तरंगेल ती फेकायची, बुडेल तिच्यावर आशा ठेवायची, आणि एवढे करूनही निम्म्या बिया उगवल्या तर देवाला नारळ फोडायचा. मी चाळीस पेरल्या, सात उगवल्या. त्यांपैकी पाच गोगलगाईंनी खाल्ल्या, एकीवर मांजर झोपले, आणि उरली ती ही. कण्हेर आणि सदाफुली याच कुळातल्या. आमच्या मागच्या गल्लीत नालीच्या फटीतून उगवलेली सदाफुली कोणी विचारो न विचारो बारा महिने फुलते. तिची ही चुलत बहीण मात्र ऊन अधिक झाले की पाने पिवळी करते, सावली अधिक झाली की फुलायचे विसरते आणि मुळाशी पाणी साचले की कायमची रुसते.

पाणी साचू न देणे हे आम्हा इंदूरकरांना सोपे नाही. माळव्याची काळी माती कापसाला आणि सोयाबीनला आईसारखी असेल, पण कुंडीत ती पावसाळ्यात चिखलाचा गोळा होते आणि मे महिन्यात तिला अशा भेगा पडतात की आत चमचा पडला तर परत मिळत नाही. म्हणून मी या मातीत निम्मी वाळू आणि घरचे कुजवलेले खत मिसळले. या खताबद्दल थोडे सांगितलेच पाहिजे. इंग्रज कृषिशास्त्रज्ञ सर आल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ पासून १९३१ पर्यंत याच शहरात बसून पालापाचोळा, शेण आणि राख यांचे थर रचून, ते ठरावीक काळाने चाळवून, सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची रीत बसवली आणि यशवंत वाड या आपल्या मराठी सहकाऱ्यासह १९३१ मध्ये त्यावर पुस्तक काढले. ती रीत जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. आमच्या गल्लीत मात्र तिला 'वहिनींचा वास' म्हणतात. कचऱ्याची गाडी रोज दाराशी येत असताना ओला कचरा घरात ठेवून घेणारी बाई शहराचा स्वच्छतेतला पहिला क्रमांक घालवणार, अशी काळजी सर्वांत आधी अप्पांनीच बोलून दाखवली होती. हॉवर्डसाहेब ज्या परिसरात काम करीत तिथेच पुढे कृषी महाविद्यालय झाले आणि सर्पगंधेचा 'आर. एस. १' हा वाणही इंदूरच्याच कृषी संशोधकांनी निवडून काढला. तेव्हा या झाडावर इंदूरचा हक्क आहे हे मी मान्य करते. तो हक्क स्कूटरच्या किल्लीने बजावावा, एवढेच मला मान्य नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पहिला पाऊस पडून गेल्यावर, तिला पहिल्यांदा फुले आली. कुंकवात बुडवून काढल्यासारखे लाल देठ, त्यांवर बारीक नळीची पांढरी फुले आणि पांढऱ्यात किंचित गुलाबी झाक. तीन वर्षांनी दिसलेले हे दृश्य पाहून माणसाने जे करू नये तेच मी केले: फाटकावरून जाणाऱ्या पहिल्या माणसाला हाक मारली. तो माणूस म्हणजे अप्पा. त्यांच्या हातात, रोजच्या फेरीहून येताना बांधून आणलेले, शेव आणि जिरावन मसाला घातलेले पोहे आणि पावशेर जलेबी होती. मी त्यांना सारे काही सांगितले. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये या झाडाच्या मुळाने रक्तदाब उतरतो असे लिहिले आणि मग जगाचे डोळे उघडले, १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये यातून रेसरपिन हे रक्तदाब उतरवणारे द्रव्य वेगळे काढले गेले, बियांपेक्षा मुळाच्या तुकड्यापासून रोप सोपे होते, सारे काही. शिकवण्याची हौस वाईट.

दुसऱ्या दिवशी अप्पा बीपीचे यंत्र घेऊन आले.

अप्पांना बँकेतून निवृत्त होऊन चौदा वर्षे झाली, परंतु दोन्ही बाजूंचे रकाने जुळल्याशिवाय त्यांना आजही झोप लागत नाही. त्यांनी सोबत एक लांबट वहीही आणली होती. माझे धुण्याचे स्टूल ओढून ते कुंडीशेजारी बसले, बाही वर केली, पट्टा दंडाला गुंडाळला आणि बटण दाबले. यंत्र घरघरले, फुगले, निःश्वास सोडून थांबले. १५८, ९४. अप्पांनी आकडे वहीत लिहिले, 'गमल्याजवळ, आधी' असा शेरा मारला, मग झाडावर वाकून, एक नाकपुडी अंगठ्याने दाबून, प्राणायामाच्या शिस्तीने दहा दीर्घ श्वास घेतले आणि पुन्हा बटण दाबले. १५२, ९०.

"सहा उतरले, वहिनी! नुसत्या वासानं!"

"अप्पा, तुम्ही पाच मिनिटं शांत बसलात म्हणून उतरले."

"मग शांत कोणी बसवलं? झाडानंच ना?"

मी सांगितले की या झाडाला सांगण्यासारखा वासच नसतो, वाळलेल्या मुळालाही नसतो, असतो तो केवळ कडूपणा.

"नावातच गंध आहे. नाव ठेवणारे काय खुळे होते?"

"नाव सर्पगंधा आहे, अप्पा. मग सापासारखा वास यायला हवा."

"तुम्ही सापाचा वास घेतला आहे कधी?"

"नाही."

"मग या झाडाला तो येत नाही, हे कशावरून सांगता?"

आयुष्यभर कर्जाचे अर्ज नामंजूर केलेल्या माणसाशी वाद घालू नये. मी विषय बदलून रेसरपिनचे दुष्परिणाम सांगितले: नाक चोंदते, सुस्ती येते, माणूस उदास होतो, आणि आधीच गोळ्या चालू असताना मूळ उगाळून घेणे हा खेळ नव्हे. अप्पा म्हणाले, "नाक माझं बारा महिने चोंदलेलंच असतं, आणि उदास व्हायला मला झाड लागत नाही, पासबुक पुरतं." चोंदलेल्या नाकाने दहा वेळा गंध कसा घेतला, हे विचारायचे मला रात्री अंथरुणात सुचले.

मग त्यांनी पट्टा माझ्या दंडाला बांधला. १६४, १००. अप्पांना झालेला आनंद लपेना. "झाडाची मालकीण आणि तिलाच बीपी! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच." वहीत 'वहिनी' असा नवा रकाना उघडला गेला. "मूळ कधी काढणार?" त्यांनी विचारले. मी म्हटले, काढणार नाही, कारण मूळ काढले की झाड संपते. अप्पा खरोखरच गोंधळले. "मग लावलंच कशाला?"

त्यानंतर मी चहा करायला आत गेले. आले किसायला, उकळायला आणि गाळायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ गेला असेल. बाहेर आले तेव्हा अप्पा स्कूटरची किल्ली रुमालाला पुसत होते आणि त्यांची दुसरी मूठ मिटलेली होती. चहा न घेता ते गेले, तेव्हाच मला कळायला हवे होते. अप्पा चहा सोडत नाहीत.

चार दिवसांनी पाने लोंबली. आमच्याकडे नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते, पण आकाशातले त्या आठवड्यात रोज येत होते. माती उकरून पाहिली तर अंगठ्याएवढ्या जाडीचे एक बाजूचे मूळ बोटभर तुटलेले होते आणि जखम भिजून तपकिरी पडली होती. मी तडक शेजारी गेले. अप्पांनी नाकारले नाही. उलट त्यांनी मला माझेच व्याख्यान ऐकवले: "तुम्हीच म्हणालात ना, तुकड्यापासून रोप होतं म्हणून? आणि चोरून आणलेलं हमखास जगतं. मनी प्लांटचं नाही का तसंच?" चोरी हा त्यांच्या लेखी खताचा प्रकार होता. बोटभर मुळाचे त्यांनी तीन तुकडे केले होते, दोन लावले होते आणि तिसरा चघळून पाहिला होता. माई स्वयंपाकघरातून म्हणाल्या की त्या दिवशी यांनी रात्रीच्या जेवणापर्यंत कशालाच तोंड लावले नाही, जलेबीसुद्धा कडू लागत होती. मला जरा बरे वाटले, पण माझा आवाज चढलेलाच होता. तेव्हा अप्पांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिले. उत्तरेकडे या झाडाला 'पागल की दवा' म्हणतात, हेही मी त्यांना हौसेने सांगून बसले होते.

आता राग गेला आहे असे मी म्हणणार नाही. जाईच्या वेलाला कोणी विचारत नाही की याचे काय करतात. सर्पगंधेसमोर उभा राहिलेला प्रत्येक जण मात्र तेच विचारतो, आणि उत्तर ऐकले की त्याची नजर पानांवरून घसरून मातीत शिरते. औषधी द्रव्याचा बहुतेक भाग मुळाच्या सालीत असतो, त्यामुळे ही वनस्पती वापरायची म्हणजे उपटायची, आणि उपटायला सोपी जागा म्हणजे जंगल. लावून, राखून, दीड-दोन वर्षे थांबून मूळ काढणाऱ्याला परवडत नाही, कारण बाजारात त्याच्या शेजारी जंगलातून फुकट उकरून आणलेले मूळ विकायला असते. अखेर १९९० मध्ये वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर बंधने घालणाऱ्या 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात हिचे नाव घालावे लागले. जंगलातल्या झाडांची मालकीण चहा गाळायला आत गेलेली नव्हती, एवढाच माझ्या आणि त्यांच्या गोष्टीत फरक. अप्पांनी दहा वेळा झाड हुंगले, त्याला दोनदा दंड जोडला, त्यावर वहीचे पान भरले. फुले पांढरी होती की पिवळी, हे त्यांना आजही सांगता येणार नाही.

तसे पाहिले तर या झाडाच्या नशिबात न पाहणारी माणसे जन्मापासूनच आहेत. शास्त्रीय नाव 'राउवोल्फिया'. ते सोळाव्या शतकातील लिओनहार्ड राउवोल्फ या जर्मन वैद्याच्या स्मरणार्थ दिलेले आहे. हा गृहस्थ बगदादपर्यंत आला आणि तिथून परतला, हिंदुस्थानात त्याने पाऊल ठेवले नाही. वाटेत कॉफी मात्र प्याला आणि १५८२ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात तिच्याबद्दल लिहून ठेवले. पेयाच्या निमित्ताने झाड पदरात पडलेला तो पहिला; दुसरे अप्पा, आणि त्यांनी तर पेयही घेतले नाही.

तर आज सकाळी. डबा यजमानांच्या हातात होता आणि अप्पा मला सल्ला देत होते की पाणी बेताने घाला, वहिनी, तुमचा हात पाण्याला सढळ आहे, म्हणूनच पहिले झाड गेले. पहिले झाड गेलेले नव्हते. एका बाजूच्या फांदीला अजून हिरवी पाने आहेत आणि तिच्या बेचक्यात तांदळाएवढा कोंब आहे, तो मी बोटाने दाखवला. अप्पांनी कोंबाकडे पाहिले नाही, ते कुंडीच्या तळाकडे पाहत होते. "आता हे काही धरत नाही," ते म्हणाले, "हे काढून टाका, आणि खालची मुळं काय असतील ती माझ्याकडे द्या. नवीन रोप तुम्हाला दिलंच आहे."

मी काय उत्तर दिले ते येथे लिहिण्यासारखे नाही. माई गॅलरीत आल्या एवढे सांगते. अप्पा जराही विचलित झाले नाहीत. त्यांनी पिशवीतून यंत्र काढले, "बसा, बसा," म्हणत स्टूल पुढे सरकवले आणि मी बोलत असतानाच माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला. १७२, १०४. अप्पांनी खिशातला पेन उघडला, वहीत माझा रकाना काढला आणि आकड्यांसमोर शेरा मारला, 'नवीन रोपाजवळ.'