आधी गिअरबॉक्स, मग इंजेक्शन
कोब्रा या शेल्बीच्या जुन्या उघड्या स्पोर्ट्स कारच्या रेप्लिकाच्या (नकलेच्या) व्ही-८ इंजिनला कार्बोरेटर काढून फ्युएल इंजेक्शन लावलं की ॲव्हरेज वाढेल, असं एका लेखात म्हटलंय. वाढेलही, पण खिसा रिकामा करून. आधी गिअरबॉक्स बघा. जुन्या टॉपलोडर या चार गिअरच्या बॉक्सचा चौथा गिअर १:१, ०.६८ पाचवा असलेला टी-५ हा पाच गिअरचा बॉक्स बसवला तर त्याच वेगाला ३००० ऐवजी २०४० आरपीएम, म्हणजे पेट्रोल कमी. (इंजिन ४२७ घनइंचांचं मोठं असेल तर टी-५ च्या वाटेला जाऊ नका, दात राहणार नाहीत.)

आणि डिस्ट्रिब्युटरची (स्पार्क प्लगांना ठिणगी वाटणारा भाग) व्हॅक्यूम ॲडव्हान्सची नळी! रेसिंगच्या नादात लोक ती काढून सरळ बूच मारतात. हलक्या थ्रॉटलला मिश्रण सावकाश जळतं, त्यामुळे ठिणगी लवकर पडावी लागते, आणि ते काम या नळीचं. ठिणगी उशिरा पडली की पेट्रोल फुकट. हवेचा अडथळा मात्र उघड्या बॉडीला चुकत नाही. कोब्रा बनवणाऱ्या शेल्बीने १९६४ ला फ्रान्समधल्या ल मांच्या २४ तासांच्या शर्यतीत छतवाली डेटोना कूपे उगाच नाही उतरवली.